आधी नाव नोंदवा, मग टी-शर्ट छापा

सावेडी, भिंगार, केडगावपासून संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, शेवगावपर्यंत नगर जिल्ह्यात आज जिम नाही असे मोठे गाव सापडणे कठीण. त्यातल्या बहुतेक जिम कोणत्याही साखळी कंपनीच्या नाहीत. भाड्याचा गाळा किंवा घराचा वरचा मजला, कर्ज काढून आणलेली यंत्रे, आणि मालक तोच ट्रेनर, तोच हिशेबनीस. अशा मालकाच्या मनात कधी ना कधी आपल्या जिमच्या नावाचे टी-शर्ट विकण्याचा विचार येतोच. फी महिन्याची, तीही दोनदा मागितल्याशिवाय येत नाही. टी-शर्टमधून चार पैसे सुटतील आणि गावभर नावही होईल, असा त्याचा हिशेब असतो. विचार चुकीचा नाही. पण तो अमलात आणताना सगळे लक्ष एका नगामागे किती सुटतात याकडेच लागते आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. स्वतंत्र जिमच्या कपड्यांत फायदा की तोटा हे एका नगावरच्या नफ्याने ठरत नाही, खोक्यात शिल्लक राहिलेल्या नगांनी ठरते. म्हणून जिमवाल्याने कापडदुकानदारासारखा माल भरू नये. आधी सभासदांची नावे, मापे आणि पैसे घ्यावेत आणि तेवढाच माल छापावा.

हिशेबासाठी दोनशे सभासदांची एक जिम डोळ्यांपुढे घेऊ. मालकाने शंभर टी-शर्ट छापून घेतले, पडतळ नगाला २२० रुपये, विक्री ३५० रुपयांना. गुंतवणूक २२,००० रुपये. हे पैसे परत यायला ६३ नग विकले जावे लागतात. तोपर्यंत नफा नावाची गोष्ट सुरूच होत नाही. सगळे शंभर खपले तर १३,००० रुपये सुटतात खरे, पण तो सगळा नफा शेवटच्या ३७ नगांत अडकलेला असतो, आणि शेवटचे नग विकणेच सर्वांत अवघड, कारण चालणारी मापे तोवर संपलेली असतात. सत्तर विकून तीस उरले तर हातात येतात अडीच हजार. आता दुसरी रीत पाहू. साठ जणांनी आगाऊ पैसे देऊन नावे नोंदवली. लॉट लहान, म्हणून पडतळ वाढून २४० झाली. तरीही नगामागे ११० प्रमाणे ६,६०० रुपये सुटतात, स्वतःचा पैसा अडकत नाही आणि कोपऱ्यात खोके उरत नाही. शंभराच्या लॉटमध्ये साडेसहा हजारांपेक्षा जास्त मिळवायचे तर ८२ नग खपवावे लागतील. हे आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या दराने ते पुन्हा मांडावेत. दर बदलले तरी निष्कर्षाचा कल बदलत नाही, कारण या मालाचा गिऱ्हाईक मोजका आहे. कापड बाजारातल्या दुकानात जिल्ह्याभरातून कोणीही येऊ शकतो. जिमचा टी-शर्ट मात्र घेणार तो त्या जिमचा सभासद, फार तर जुना सभासद किंवा त्याचा धाकटा भाऊ. जिथे व्यायाम करत नाही त्या जिमचे नाव छातीवर मिरवण्याचे कारण इतर कोणालाच नसते.

गिऱ्हाईक मोजका आणि त्यात मापांची फाटाफूट. पाच मापे, दोन रंग आणि टी-शर्ट आणि स्ट्रिंगर (बारीक पट्ट्यांचा बनियन) असे दोन प्रकार घेतले की वीस वेगवेगळे ढीग होतात; शंभर नगांचा लॉट म्हणजे प्रत्येक ढिगात सरासरी पाचच नग. यात मालकाची नजरही त्याला फसवते. टी-शर्टचा विचार करताना त्याच्या डोळ्यांपुढे येतात ती जिमची तयार झालेली पाच-दहा मुले, आणि तो एक्सएल, डबल एक्सएल जास्त मागवतो. रजिस्टर उघडले तर तिथे भरणा असतो नव्याने आलेल्या, सडपातळ कॉलेजकुमारांचा, ज्यांना मीडियम लागतो आणि ज्यांच्यातले बरेच जण पहिल्या काही महिन्यांतच येणे सोडतात. शिवाय तयार टी-शर्टचे माप छातीवर बेतलेले असते. छाती ४४ इंच आणि कंबर ३१ इंच असलेल्या पोराला छातीत बसणारा टी-शर्ट कमरेला झोळीसारखा लोंबतो आणि बाही मात्र दंडावर काचते. पिळदार शरीर दिसावे म्हणून वर्षानुवर्षे घाम गाळलेला माणूस असा टी-शर्ट एकदा घालतो आणि बाजूला टाकतो. नोंदणीच्या वेळी छाती, कंबर आणि दंड ही तीन मापे टेपने घेतली तर शिलाईवाल्याला बाही मोकळी आणि कंबर निमुळती ठेवता येते. हे काम आगाऊ नोंदणीतच शक्य आहे; आधी माल भरून ठेवणाऱ्याला ते करताच येत नाही.

कपडा शिळाही होतो, आणि तो कधी शिळा होईल हे मालकाच्या हातात नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्याआधी ज्यांनी पाठीवर जिल्ह्याचे जुने नाव छापून लॉट भरून ठेवला असेल, त्यांचा माल कापड-शिलाईत काहीच दोष नसताना जुना ठरला. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरीची ६७ वी स्पर्धा अहिल्यानगरात झाली. अशा प्रसंगी सगळ्या तालमी-जिममध्ये उत्साह असतो, पण वर्ष घातलेला टी-शर्ट वर्ष सरताच उतरतो. शरीरसौष्ठवाच्या ‘श्री’ स्पर्धांच्या बाबतीतही हेच. ज्यांच्यासाठी नग छापला त्यांनी तो आधीच घेतलेला असेल तर त्यावरचे वर्ष ही आठवण असते; खोक्यात राहिला तर तेच वर्ष खोट असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप असा की आपल्याकडे टी-शर्ट विकत घ्यायची सवयच नाही, तो मिळतो. गणेश मंडळाचा मिळतो, दहीहंडीचा मिळतो, गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेची जर्सी प्रायोजक देतो, निवडणुकीत तर रंगासकट मिळतो. मग जिमचा टी-शर्ट साडेतीनशे देऊन कोण घेईल? या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच तो उलट बाजूने वाचायला हवा. फुकट मिळालेल्या टी-शर्टवर देणाऱ्याचे नाव मोठे आणि घालणाऱ्याचे मंडळ लहान असते. तो चार दिवस अंगावर असतो आणि पुढे गाडी पुसायच्या कामी येतो. जिमच्या टी-शर्टचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे: तो घालणाऱ्याने तिथे घाम गाळलेला असतो आणि हे बघणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याच मुलाने मंडळाचा टी-शर्ट फुकट घेतला म्हणून तो जिमचाही फुकटच मागेल असे नाही. पण मालकाने एकदा फुकट वाटला की पुढच्या वेळी तो विकला जाणार नाही हे मात्र नक्की. आणि खरेच कोणी पैसे द्यायला तयार नसेल, तर ते छपाईच्या आधी कळलेले बरे. नोंदणीच्या वहीत वीसच नावे पडली तर वीसच छापावेत. पाच पडली तर छापूच नयेत. पाच नावे म्हणजे सभासदांना या जिमचे नाव अजून मिरवावेसे वाटत नाही, आणि त्यावर उपाय टी-शर्टमध्ये नाही.

दुसरा आक्षेप परदेशी उदाहरणे पुढे करतो. गोल्ड्स जिमचा बनियन जगभर गेला, मग आमचा निदान जिल्ह्याभर का जाऊ नये? ते उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. जो गोल्ड यांनी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथे ही जिम उघडली. तिथे अर्नोल्ड श्वार्झनेगरसारखे खेळाडू व्यायाम करत. जिमचे प्रसिद्ध बोधचिन्ह, वजन उचलणारा टकला पैलवान, हे तिथेच व्यायाम करणारे कुस्तीगीर आणि चित्रकार रिक ड्रेसिन यांनी १९७० च्या दशकात काढले. १९७७ मध्ये ‘पम्पिंग आयर्न’ हा माहितीपट आला आणि ती जागा जगभरच्या शरीरसौष्ठवपटूंना ठाऊक झाली. म्हणजे आधी माणसे घडली, मग जागा नावारूपाला आली, आणि कपडा त्यामागून गेला. कपड्याने जिम मोठी केली नाही. दुसरे नाव घेतले जाते ते जिमशार्कचे. बेन फ्रान्सिस या तरुणाने इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये सुरू केलेली ही कंपनी २०२० मध्ये एक अब्ज पौंडांहून अधिक मोलाची ठरली. पण नावात जिम असली तरी ती मुळात जिम नव्हती. ती पहिल्यापासून इंटरनेटवरून विक्री करणारी कंपनी होती, त्यामुळे तिच्या गिऱ्हाइकांना सभासदसंख्येची मर्यादाच नव्हती. संगमनेर-शेवगावातल्या जिममालकाला त्या वाटेने जायचे असेल तर जरूर जावे, मात्र तो कपड्यांचा पूर्ण वेळेचा धंदा आहे हे धरून. सकाळी पाचला शटर उघडून रात्री दहाला बंद करणाऱ्याने फावल्या वेळात करण्याजोगे ते काम नाही.

मग इंटरनेटवर एकेक नग छापून घरपोच देणाऱ्या कंपन्यांचे काय? त्यात माल पडून राहण्याचा प्रश्नच नाही, हे खरे. अधल्यामधल्या मापासाठी किंवा पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या जुन्या सभासदासाठी ती सोय उपयोगाची आहे. पण एकेका नगाचा दर चढा पडतो, मालकाच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि मुख्य म्हणजे कापड हाताला न लागताच विकावे लागते. जिमच्या कपड्यात तर कापडालाच महत्त्व आहे, म्हणून तिथे थोडे थांबू.

टी-शर्टचे विणलेले कापड जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर, ओळखले जाते. नेहमीच्या सुती टी-शर्टला १६० ते १८० जीएसएमचे सिंगल जर्सी कापड वापरतात. सध्या तरुणांत चालणाऱ्या ढगळ, खांदे उतरलेल्या टी-शर्टला २२०-२४० पर्यंत जातात. सुती कापड ‘बायोवॉश’ केलेले असेल तर त्याची लव आधीच काढलेली असते, म्हणून धुतल्यावर गोळे कमी येतात. कॉम्पॅक्टिंग न केलेले, म्हणजे आधीच आटवून न घेतलेले सुती जर्सी पहिल्या धुण्यात सहज आटते, आणि अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यात अर्धा इंचसुद्धा जाणवतो. पॉलिस्टर आटत नाही, लवकर वाळते, स्वस्त पडते. म्हणून जर्सीवाले तेच पुढे करतात. त्याचा दोष वासाचा. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिस्टरच्या टी-शर्टला सुतीपेक्षा अधिक उग्र दर्प आढळला. घामाला वास आणणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिस्टरवर चांगले पोसतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये तीस माणसे व्यायाम करत असतील तर हा मुद्दा प्रयोगशाळेतला राहत नाही. धावपळीच्या व्यायामाला पॉलिस्टर ठीक. वजने उचलणाऱ्याला सुती किंवा सुती-लायक्रा मिश्रण अधिक मानवते. दर थोडा जास्त पडला तरी चालेल, कारण जो टी-शर्ट महिन्याभरात वास मारू लागतो तो अंगावरून उतरतो आणि त्याबरोबर जिमची जाहिरातही.

छपाईचे तंत्र कापडानेच ठरते. सब्लिमेशनमध्ये कागदावर छापलेला रंग दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याची वाफ केली जाते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. छपाई हाताला लागत नाही, तडकत नाही. पण सुती कापड तो रंग धरत नाही, आणि रंग पारदर्शक असल्यामुळे काळ्या कापडावर तो दिसतच नाही. जिमच्या मुलांना तर काळाच हवा असतो. डीटीएफमध्ये चित्र आधी फिल्मवर छापून, त्यावर गोंदाची भुकटी टाकून ते कपड्यावर दाबतात. कोणत्याही कापडावर, कितीही रंगांत, एक नगसुद्धा निघतो. लहान लॉटला हे तंत्र वरदान आहे, पण चित्र कापडावर थर होऊन बसते. छातीभर छापले तर तेवढ्या भागातून घाम बाहेर पडत नाही आणि कपडा अंगाला चिकटतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवावी लागते, तिचा खर्च दहा नगांना आणि शंभर नगांना सारखाच. म्हणून एकरंगी अक्षरे आणि तीस-चाळीस नगांपुढचा लॉट असेल तर हीच छपाई सर्वांत टिकाऊ आणि परवडणारी. यात वापरली जाणारी प्लास्टिसॉल शाई साधारण १६० अंशांपर्यंत नीट तापली नाही तर कापड ताणताच तडकते. छपाई घेताना बाही-छाती दोन्ही हातांनी ताणून बघावी. तिथल्या तिथे कळते.

छपाई कुठे करायची हा प्रश्न जिममध्ये इतर कुठल्याही कपड्यापेक्षा वेगळा आहे. बारबेलच्या दांड्यावर पकड मिळावी म्हणून जाळीदार खरखरीत कोरीव काम असते. स्क्वॅट मारताना हा दांडा मानेखाली पाठीच्या वरच्या भागावर टेकतो, म्हणजे कॉलरच्या लगेच खाली छापलेले नाव रोज किसले जाते. बेंच प्रेसमध्ये पाठ रेक्झिनवर दाबली जाते आणि पाठभर छापलेला भरीव ठोकळा घामाने रेक्झिनला चिकटतो. डेडलिफ्टमध्ये दांडा मांड्यांना घासत वर येतो, तिथे ट्रॅक पँटवरचे नाव जाते. यातून एक साधी रचना निघते: पुढे डाव्या छातीवर लहान चिन्ह, मागे कॉलरपासून चार-पाच बोटे खाली जिमचे नाव, भरीव ठोकळ्याऐवजी मोकळ्या, सुट्या अक्षरांत, आणि ट्रॅक पँटवर छापायचेच तर मांडीऐवजी पोटरीच्या बाजूला. मागून येणाऱ्याला नाव वाचता येते, हीच जाहिरात. पुढे मोठे छापून फोटो चांगला येतो, पण कपडा लवकर खराब होतो.

बायकांचा विचार बहुतेक जिममध्ये सर्वांत शेवटी होतो, तोही पुरुषांचाच टी-शर्ट लहान मापात देऊन. तालुक्याच्या गावात दुपारच्या किंवा सकाळच्या वेगळ्या बॅचला येणाऱ्या बायकांना लांबी जास्त, कापड आरपार न दिसणारे, बाही कोपराकडे येणारी आणि गळा बंद हवा असतो. काहींना कुर्त्याच्या लांबीचा. त्यांच्याकडून वेगळी नोंदणी, वेगळी मापे घेतली आणि नमुना आधी त्यांच्यापैकी दोघी-तिघींना दाखवला, तर जी नावे कधी वहीत पडली नसती ती पडतात.

माल आणायचा कुठून, याचे उत्तर नगरला फार दूर शोधावे लागत नाही. विणलेल्या होजियरी कापडाचे देशातले मोठे केंद्र तमिळनाडूतले तिरुप्पूर आहे आणि बरेच साधे टी-शर्ट तिथूनच घाऊक व्यापाऱ्यांमार्फत येतात. गणवेश शिवण्यात सोलापूरने नाव कमावले आहे, आणि जिममध्ये टी-शर्टइतकाच खपू शकणारा टॉवेल तर सोलापूरचाच. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. नगर आणि भिंगार ही गावेही एके काळी लुगड्यांच्या विणकामासाठी नावाजलेली होती. तो धंदा आटला, पण शिवणारे हात जिल्ह्यात आजही आहेत. चाळीस-पन्नास नगांचे काम गावातल्याच शिलाई कारागिराकडून किंवा महिला बचत गटाकडून करून घेतले, तर मापात फेरफार करता येतो, बिघडलेला नग परत देता येतो आणि पैसा तालुक्यात राहतो. मोठ्या शहरातला स्वस्त दर शंभर-दोनशे नगांची अट घालूनच येतो, आणि ती अट पुन्हा खोक्याकडे घेऊन जाते.

किमतीबाबत दोन मोह टाळले पाहिजेत. एक उधारीचा. जिमची फीच जिथे पुढच्या महिन्यावर ढकलली जाते तिथे टी-शर्ट उधार दिला की तो फीच्या थकबाकीत मिसळतो, आणि पुढे त्या सभासदाकडे दोन्ही मागायचा मालकाला संकोच वाटून दोन्ही बुडतात. कधी कधी तोंड चुकवणारा सभासद येणेच बंद करतो. दुसरा मोह सक्तीचा. शाळेच्या गणवेशासारखा प्रवेश फीमध्येच टी-शर्ट घालून टाकला की शिल्लक मालाचा प्रश्न मिटतो, असे कोणी म्हणेल. मालाचा प्रश्न मिटतो, पण तो टी-शर्ट मग फीचा एक भाग होऊन बसतो. मुलगा तो मिरवत नाही, वापरतो. ज्या मुलाच्या घरून महिन्याची फीच ओढूनताणून येते त्याच्यावर हा बोजा टाकणे बरोबरही नाही. त्यापेक्षा सहा महिने नियमित आलेल्यालाच नाव नोंदवता येईल, असा नियम ठेवला तर मागणी थोडी कमी दिसेल, पण ती खरी असेल. आणखी एक गोष्ट इथे बोलली पाहिजे. जिममध्ये जोडधंदा म्हणून पावडरचे डबे विकले जातात, त्यात भेसळीचे आणि बनावट डबेही येतात, आणि काही ठिकाणी तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शने दिली जातात. या विक्रीत पैसा जास्त असेल, पण तिची किंमत पोरांच्या शरीरातून वसूल होते. टी-शर्टमधून महिन्याला चार पैसे कमीच मिळतील. त्याने कोणाचे मूत्रपिंड मात्र जात नाही. जिममालकाने जोडधंदा निवडताना हे वजनात धरावे, असे मी कळकळीने म्हणेन.

काय छापायचे यात कायद्याचा भाग मोठा आहे, आणि तो सर्रास दुर्लक्षित राहतो. तालमीत मारुती असतो आणि मनात महाराज असतात, म्हणून टी-शर्टवरही तेच छापावे असे सहज वाटते. पण बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी ते वापरता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी देवाचे किंवा महाराजांचे चित्र घामाने भिजलेल्या, बाकावर रगडल्या जाणाऱ्या, धुण्यात आपटल्या जाणाऱ्या कपड्यावर असू नये, हे बहुतेकांना सांगितल्यावर पटते. नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आहे, भरतीची तयारी करणारी मुले जिममध्ये येतात, त्यांना लष्करी ठिपक्यांचे कापड आवडते. पण जानेवारी २०२२ मध्ये लष्कराने आणलेल्या नव्या लढाऊ गणवेशाचे डिझाइन लष्कराच्या नावावर नोंदवलेले आहे. ते इतरांनी शिवून विकणे बेकायदा आहे. परदेशी कंपनीचे चिन्ह जिमच्या नावाशेजारी छापणे तर सरळ गुन्हा: ट्रेड मार्क कायदा, १९९९ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. स्वतःच्या नावाचे संरक्षण मात्र परवडण्याजोगे आहे. कपड्यांसाठी वर्ग २५, जिमच्या सेवेसाठी वर्ग ४१. एका मालकाला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्याआधी नावापुढे वर्तुळातला आर लावू नये. त्यालाही दंड होतो. चिन्ह कोणा चित्रकाराकडून काढून घेतले असेल तर त्याचे हक्क जिमकडे आल्याचे लेखी घ्यावे.

कराचा हिशेब सोपा झाला आहे, तरी समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे, आणि जिमच्या सेवेलाही ५ टक्केच, पण तिच्यावर खरेदीतल्या कराची वजावट मिळत नाही. टी-शर्टची विक्री हा वेगळा व्यवहार असल्याने त्याच्या खरेदीवरचा कर वजा होतो. फुकट वाटलेल्या टी-शर्टवरचा होत नाही. फुकट वाटू नये याला हे आणखी एक कारण. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांची, आणि त्यात फी व कपडे दोन्हींची बेरीज धरली जाते. अठरा-एकोणीस लाख फी जमा होणाऱ्या जिमने लाख-दोन लाखांचे कपडे विकायला काढण्याआधी हिशेबनिसाला विचारावे.

आणि नोंदणी सुरू करण्याआधी एक काम करावे. ठरलेल्या कापडाचा, ठरलेल्या छपाईचा एकच नमुना शिवून घ्यावा. तो मालकाने किंवा जिममधल्या सर्वांत जड वजने उचलणाऱ्या मुलाने महिनाभर रोज घालावा, घरच्या मशीनमध्ये किंवा दगडावर जसा धुतला जातो तसा धुवावा, आणि मग भिंतीवर टांगून त्याच्या शेजारी नोंदणीची वही ठेवावी. नमुना आटला, विटला किंवा त्याची छपाई तडकली, तर सभासदांकडून एक रुपयाही घेऊ नये. कापड बदलावे आणि दुसरा नमुना शिवायला टाकावा.